टपाली मत : दर खेपेचा नवा अर्ज

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गणेशोत्सवाच्या, नाट्यप्रयोगांच्या आणि दिवंगत कार्यकर्त्यांच्या आठवणी याव्यात, हे रास्तच आहे. त्या पंगतीत टपाली मतदानासारखा रुक्ष विषय वाढल्याबद्दल वाचकांनी आम्हांस क्षमा करावी. परंतु बदलीच्या हुकमाने कलकत्त्यास येणे आणि तशाच हुकमाने येथून जाणे आपल्यापैकी अनेकांच्या वाट्यास आले आहे. त्यामुळे 'आपले मत नेमके कोठे?' हा प्रश्न आपल्या घरोघरी वारंवार निघत आला. त्या प्रश्नाचा थोडासा इतिहास येथे मांडीत आहोत.

या इतिहासाचा आरंभ एका बंगाली गृहस्थापासून करणे प्राप्त आहे. पश्चिम बंगालचे मुख्य सचिव श्री. सुकुमार सेन हे मार्च १९५० मध्ये भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात १७ कोटींहून अधिक मतदारांची पहिली सार्वत्रिक निवडणूक त्यांनी पार पाडली. याद्या तयार होत असता स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' एवढीच ओळख देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळण्यात आली. निर्णय कठोर होता खरा. पण त्यातील सूत्र असे की, मताचा हक्क ज्याचा त्याने स्वतःच्या नावाने मागून घ्यावयाचा असतो. टपाली मताच्या व्यवस्थेतही हेच सूत्र पुढे पदोपदी आढळते.

१९५० व १९५१ चे लोकप्रतिनिधित्वाचे कायदे आणि १९६१ चे निवडणूक संचालन नियम यांनी टपालाने मत देण्याची मुभा मोजक्यांनाच दिली. सेनादलातील मंडळी, स्वराज्याबाहेर कामगिरीवर असलेले सशस्त्र पोलीस, परदेशी नेमणुकीवरील भारत सरकारचे नोकर, निवडणुकीच्या कामास जुंपलेले कर्मचारी आणि प्रतिबंधक स्थानबद्ध हे त्यांतील प्रमुख होत. या यादीत बदलीवर आलेला मुलकी नोकर नाही. फोर्ट विल्यममध्ये, ज्याचे नाव आता विजयदुर्ग झाले आहे, राहणारा साताऱ्याचा जवान आपले मत टपालाने साताऱ्यास धाडू शकतो. तेथून हाकेच्या अंतरावर, डलहौसी चौकातील कचेरीत बसणाऱ्या साताऱ्याच्याच कारकुनास ती सोय नाही. कायदा त्याला 'सर्वसाधारणपणे कोठे राहता?' एवढेच विचारतो. उत्तर कलकत्ता असेल, तर नावही कलकत्त्यात नोंदवावे लागते. गावाकडील यादीतील नावावर जीव ठेवून येथे नोंदणी न करणारे आमचे कित्येक स्नेही दोन्हीकडच्या मतास मुकले.

मुलकी नोकरास टपाली मत मिळते ते निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली तरच. त्यासाठी नमुना १२ मधील अर्ज मतदानापूर्वी किमान सात दिवस, अथवा निवडणूक निर्णय अधिकारी मान्य करील तितक्या कमी मुदतीत, त्याच्याकडे पोचवावा लागतो. आपल्याच मतदारसंघात काम लागले, तर नमुना १२-अ मधील अर्जावर प्रमाणपत्र मिळते व नेमल्या केंद्रावरच मत देता येते. टपाली मतपत्रिका लहान पाकिटात, ते पाकीट आणि साक्षांकित घोषणापत्र मोठ्या पाकिटात, अशी ही मांडणी असते. साक्षांकनात चूक झाली, तर आतले मत पाहिलेही जात नाही.

येथे आमची स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. २०११ च्या विधानसभा निवडणुकीत आम्ही सूक्ष्म निरीक्षक होतो. वेळेवर अर्ज केला व मत दिले. २०१६ मध्ये पुन्हा तेच काम आले. एकदा अर्ज केला आहे, नाव व पत्ता तोच आहे, तेव्हा मतपत्रिका आपोआप येईल, अशी आमची समजूत! राजपत्रित अधिकारी या नात्याने आम्ही सहकाऱ्यांची घोषणापत्रे साक्षांकित करीत होतो. आमच्या सहीने इतरांची मते ग्राह्य ठरली. आमचे मात्र कोठेच पडले नाही. सरकारी कागदांत हयात घालविलेल्या माणसाने अर्जाचे नूतनीकरण विसरावे, याहून शरमेची गोष्ट कोणती? दोष कचेरीचा नव्हता, आमचाच होता.

मग दर खेपेस नवा अर्ज कशाला, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. ज्यास टपाली मतपत्रिका दिली जाते, त्याच्या नावापुढे यादीत तशी खूण होते आणि केंद्रावर जाऊन मत देण्याचा त्याचा मार्ग बंद होतो. जुना अर्ज कायम धरला, तर बदली होऊन गेलेल्याची मतपत्रिका जुन्या क्वार्टरच्या दारात पडेल, आणि यंदा कामावर नसलेला मनुष्य केंद्रावरून विन्मुख परतेल.

पुढे या व्यवस्थेत पुष्कळ फेरफार झाले. २००३ मध्ये सैनिकांस मुखत्यारामार्फत मतदानाचा पर्याय मिळाला. २०१६ पासून त्यांची मतपत्रिका विद्युत् मार्गाने जाऊ लागली. परत मात्र ती टपालानेच येते. २०२३ च्या दुरुस्तीने निवडणूक कर्मचाऱ्याने आपले मत नेमलेल्या सुविधा केंद्रातच द्यावयाचे ठरले. वृद्धांसाठी २०१९ मध्ये ८० वर्षांची अट घालून घरबसल्या मतदान सुरू झाले; मार्च २०२४ मध्ये ती ८५ करण्यात आली. त्यासाठी नमुना १२-ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, आणि तोही प्रत्येक निवडणुकीस नव्याने. १९५१ मध्ये पहिल्या निवडणुकीचे पहिले मत देणारे किन्नौरचे श्याम सरण नेगी यांनी २ नोव्हेंबर २०२२ रोजी आपले अखेरचे मत घरूनच टपाली मतपत्रिकेने दिले, आणि तीनच दिवसांनी ते निवर्तले.

आपली मुलेबाळे आता परदेशी आहेत. इंग्लंडात राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून भारतीयांसही मताधिकार आहे. पण तेथील २०२२ च्या कायद्याने टपाली मताचा अर्ज फार तर तीन वर्षेच चालतो, पुढे तो पुन्हा करावा लागतो. पूर्वी एकदाच सही करून निश्चिंत झालेल्यांसही ३१ जानेवारी २०२६ पर्यंतचीच मुदत दिली गेली. सूत्र तेथेही तेच: हक्क कायमचा, अर्ज मात्र मुदतीचा.

यास्तव एक नम्र सूचना करून लेखणी थांबवितो. निवडणूक जाहीर होताच मंडळाने फलकावर तीन ओळी लिहाव्यात: कामावर नेमलेल्यांनी नमुना १२, पंचाऐंशी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांसाठी नमुना १२-ड, आणि घर बदललेल्यांनी वेळीच नमुना ८. वर्गणीची आठवण करून देण्यास आपले कार्यकर्ते दर वर्षी घरोघरी जातातच. त्याच फेरीत ही चौकशीही व्हावी. पन्नास वर्षे आपण वर्गणीचे नूतनीकरण चुकविले नाही. मताच्या अर्जाचेही चुकू नये, एवढीच इच्छा.