जकात न बसलेला माल

जुन्नरहून घाटघर ओलांडले की नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी कोकणातून वर येणाऱ्या मालाची जकात त्यात टाकत, असे परंपरेने सांगतात. अशी जकात घेता येते, कारण घाटाखाली मोजलेला माल घाटमाथ्यावरही तेवढाच भरतो. बर्फ या हिशेबात बसत नाही. १८३३ मध्ये बर्फाचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचा सुमारे १८० टन तळ्यातला बर्फ घेऊन ‘टस्कनी’ जहाज बोस्टनहून निघाले. चार महिन्यांनी कलकत्त्यात त्यातला सुमारे १०० टनच उरला होता. कंपनी सरकारने त्यावरची जकात माफ केली आणि तो रात्री उतरवण्याची मुभाही दिली. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईत आला. या व्यापारात खरी झुंज वेळेशी होती, असे माझे मत आहे.

यावर कोणी म्हणेल, ड्राय आइस असता तर ही घट टळली असती. तो पाणी सोडत नाही, हे खरे. तो पाण्याचा नव्हेच. कार्बन डायऑक्साइड वायू दाबाखाली द्रव करून एकदम मोकळा सोडला की त्याचा भुसभुशीत हिमासारखा चुरा होतो आणि तो दाबून वड्या पाडतात. तिलोरिए या फ्रेंच संशोधकाला तो १८३५ मध्ये दिसला. धंद्यात मात्र १९२० नंतर उतरला. साधा बर्फ शून्य अंशाला वितळतो, हा उणे ७८.५ अंशाला द्रव न होता थेट वायू होतो. किलोमागे तो बर्फाच्या सुमारे पावणेदोनपट उष्णता शोषतो, पण ३० अंशांच्या हवेशी त्याची तफावत १०८ अंशांहून अधिक, म्हणजे बर्फाच्या साडेतीनपट. उष्णताही तितक्याच पटीने वेगाने आत शिरते. त्याच जहाजात घट वाढलीच असती. शिवाय हवेपेक्षा जड असलेला तो वायू जहाजाच्या तळाशी साचून खलाशांचा जीव जाऊ शकला असता.

आजही निवड कामावरून ठरते. जुन्नरच्या द्राक्षांना शून्याच्या आसपासचा गारवा पुरतो. ड्राय आइसला लागून ठेवलेले मणी गोठून वाया जातात. आइस्क्रीम किंवा गोठवलेले नमुने पाठवायचे तर ड्राय आइसच हवा. तो हाताळताना हातमोजे घाला, खोली हवेशीर ठेवा आणि डबा कधीही घट्ट बंद करू नका; आतला वायू तो फोडतो.