औषध घेतलें, इशारा राहिला

केमहून आगगाडीनें मुंबईस जातांना पुण्यापुढें पिंपरी लागते. १९५४ सालीं येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षीं देशी पेनिसिलिन निघूं लागलें. जखम चिघळून दगावणारीं माणसें त्यानें वांचूं लागलीं. परंतु पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ सालींच, नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत, बजाविलें होतें कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधास दाद न देण्यास शिकतात. आम्हीं औषध तेवढें घेतलें. इशारा घेतला नाहीं. सर्दी विषाणूंची, तिजवर हें औषध चालत नाहीं. तरी आम्ही तें मागतों, आणि वैद्यास न विचारतां अर्ध्यावर टाकतों. हें धन नातवंडांस उरावें, असें वाटत असेल तर प्रथम आम्हींच हात आवरला पाहिजे.