आमच्या माघारी कोण? सज्ञान पण अक्षम व्यक्तीचे पालकत्व

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होते. त्याची सही, त्याचा करार, त्याचे बँक खाते हे सगळे त्याचे स्वतःचे. पण बौद्धिक दिव्यांगता, मेंदूला झालेली इजा किंवा स्मृतिभ्रंश यामुळे एखाद्या प्रौढ व्यक्तीला स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नसतील, तर तिच्या वतीने निर्णय घेण्यासाठी कायदेशीर पालक नेमावा लागतो. आई-वडील, पती, पत्नी किंवा भाऊ असल्यामुळे हा अधिकार आपोआप मिळत नाही.

अनेक देशांत असे पालकत्व हा पगारी व्यवसाय आहे. भारतात तसा परवानाधारक व्यवसाय नाही. हे काम घरचे लोक करतात आणि काही ठिकाणी नोंदणीकृत संस्था करतात. रायगडच्या किनारपट्टीवर या प्रश्नाला एक वेगळी धार आहे. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतील अनेक घरांतली कर्ती पिढी मुंबईत, आखाती देशांत किंवा जहाजावर असते. गावच्या घरात म्हातारे आई-वडील आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले प्रौढ मूल मागे राहते. घराला वाडी असते, सातबारावर भावंडांची सामाईक नावे असतात आणि जमिनीचे भाव चढलेले असतात. अशा घरातला रोजचा प्रश्न एकच असतो: आमच्या माघारी याला कोण बघणार?

कारण कोणते, त्यावर वाट ठरते

सर्व अक्षम प्रौढांसाठी एकच कायदा नाही. अक्षमता कशामुळे आली, त्यावरून कोणाचे दार ठोठवायचे ते ठरते.

*जन्मजात किंवा विकासाशी संबंधित दिव्यांगता.* स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ लागू होतो. यात न्यायालयात जावे लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती हे तिचे इतर सदस्य असतात. समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी, असे कायदा सांगतो.

*इतर दिव्यांगता.* दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये 'मर्यादित पालकत्व' आहे. जिल्हा न्यायालय किंवा राज्याने ठरवलेला अधिकारी विशिष्ट निर्णयापुरता आणि विशिष्ट काळापुरता पालक नेमू शकतो. येथे पालकाने एकट्याने ठरवायचे नसते. दोघांनी मिळून, दिव्यांग व्यक्तीच्या इच्छेनुसार निर्णय घ्यायचा असतो. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार मान्य केला. त्याच विचारातून ही तरतूद आली.

*मानसिक आजार.* मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार रुग्ण स्वतःचा 'नामनिर्देशित प्रतिनिधी' निवडू शकतो. मात्र हा प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, पैसा आणि जमीन त्याच्या कक्षेत येत नाही. १९८७ च्या जुन्या कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. नव्या कायद्याने जुना कायदा रद्द झाला आणि ती सोयही गेली.

*कोमा आणि त्यासारखी अवस्था.* अपघात किंवा पक्षाघातानंतर शुद्ध हरपलेल्या माणसासाठी थेट लागू होणारा कायदाच नाही. अशा वेळी राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली: वैद्यकीय मंडळाचा अहवाल, मालमत्तेबाबत महसूल खात्याचा अहवाल आणि पालकाने ठरावीक काळाने द्यायचा हिशेब. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका पत्नीला अशाच स्थितीतील पतीची पालक नेमले आणि तिच्या कामावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवली.

प्रगत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण या वाटांच्या मधोमध अडकतात. राष्ट्रीय न्यासाच्या चार गटांत ते बसत नाहीत. त्यामुळे मालमत्तेचा प्रश्न आला की त्यांच्या घरच्यांनाही बहुधा न्यायालयातच जावे लागते.

मुखत्यारपत्र पुरते का?

'बाबांनी कुलमुखत्यारपत्र करून ठेवले आहे, मग अडचण काय?' हा सर्वात मोठा गैरसमज. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्या व्यक्तीची मनःस्थिती ढळली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला, त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. अक्षमता आल्यानंतरही चालू राहणारे मुखत्यारपत्र ब्रिटन, अमेरिका, इस्रायल अशा देशांत आहे. भारतात तशी सोय नाही.

मनःस्थिती ठीक नसताना केलेला करार याच कायद्याने रद्दबातल ठरतो. त्यामुळे अशा व्यक्तीचा अंगठा घेऊन केलेले खरेदीखत विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही पुढे महागात पडू शकते.

अलिबागला अर्ज कसा होतो?

रायगड जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला आहे. राष्ट्रीय न्यासाखालचा अर्ज तेथील जिल्हाधिकारी कार्यालयाशी संबंधित समितीपुढे जातो. श्रीवर्धन किंवा म्हसळ्याकडच्या माणसाला दिघीहून आगरदांड्याला जेट्टीने खाडी ओलांडून किंवा वळसा घालून अलिबाग गाठावे लागते. म्हणून कागद पहिल्याच फेरीत पूर्ण असलेले बरे. सर्वसाधारणपणे हे कागद लागतात:

• दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र
• वय, ओळख आणि पत्त्याचा पुरावा
• पालक होऊ इच्छिणाऱ्याची लेखी संमती
• आई-वडील हयात असल्यास त्यांची आणि जवळच्या नातेवाइकांची संमती

अर्ज आई, वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. पालक भारतीय नागरिक असावा, त्याला गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, तो दिवाळखोर नसावा आणि स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी दुसऱ्यावर अवलंबून नसावा, अशा अटी आहेत. पाल्य स्त्री असेल तर एकट्या पुरुषाला पालक नेमले जात नाही. पालक खरोखर हवा आहे का, आणि कशासाठी, हे समितीला आधी ठरवावे लागते. केवळ दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे म्हणून पालकत्व द्यायचे नसते.

कोमातील रुग्णासाठी मात्र मुंबईच गाठावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत गेले, पण रायगड मुंबईकडेच राहिला. वकिलाचा खर्च न झेपणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागता येते. स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पालकाचे काम

नेमणूक झाली की पालकाकडे व्यक्तीची काळजी, तिची मालमत्ता किंवा दोन्ही येते. रोजच्या भाषेत सांगायचे तर औषधे आणि दवाखाना, बँकेचे व्यवहार, कुटुंब निवृत्तिवेतन, 'निरामय' आरोग्य विम्याचे नूतनीकरण, दाखले आणि घरपट्टी. 'निरामय' ही राष्ट्रीय न्यासाची योजना आहे आणि तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. स्थानिक स्तर समितीचे पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावे, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेले आहे. शाखेत अडचण आली तर हे दाखवून देता येते.

दोन मुदती पालकाने विसरून चालत नाहीत. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या सर्व मालमत्तेची, येण्याची आणि देण्याची यादी समितीला द्यावी लागते. त्यानंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत जमाखर्च सादर करावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पाल्याचे खाते वेगळे ठेवणे, पावत्या जपणे आणि वही लिहिणे हेच चांगल्या पालकाचे लक्षण.

किनारपट्टीवर खरी कसोटी लागते ती जमिनीच्या वेळी. सामाईक सातबारावरची जमीन विकायची ठरली की सर्व हिस्सेदारांच्या सह्या लागतात आणि तेव्हा अचानक घरच्यांना 'त्या' भावाची किंवा बहिणीची आठवण येते. पालक म्हणून झालेली नेमणूक म्हणजे पाल्याचा हिस्सा विकण्याची मोकळीक नव्हे. स्थावर मालमत्तेसाठी न्यायालयाची स्पष्ट परवानगी घेणे आणि आलेली रक्कम पाल्याच्याच नावे ठेवणे, हा सुरक्षित मार्ग आहे. पालक स्वतःच जमिनीत हिस्सेदार असेल, तर दुसऱ्या तटस्थ व्यक्तीला पालक किंवा सहपालक नेमावे, हे अधिक बरे.

पालकावर नजर कोणाची?

दुसऱ्याच्या आयुष्यावरचा अधिकार किती धोक्याचा असतो, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना ब्रिटिश काळात वेडे ठरवून कारभार इतरांच्या हाती गेला. त्यांचा छळ होत असल्याचे 'केसरी' आणि 'मराठा'ने लिहिले. दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. लेखांचा आधार असलेली पत्रे त्यात बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पण महाराजांची परवड थांबली नाही. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, तैनातीवरच्या ब्रिटिश शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. ते अवघे वीस वर्षांचे होते. ज्याला वेडा ठरवले, त्याचे म्हणणे ऐकणारी स्वतंत्र यंत्रणाच तेव्हा नव्हती.

याच्या उलट उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे. १९७३ मधील हल्ल्यानंतर परिचारिका अरुणा शानबाग ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने दयामरणाची याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. रक्ताचे नाते नसलेली माणसेही खरी पालक ठरू शकतात, हे त्या निकालातून दिसते.

आजच्या कायद्यात नजर ठेवण्याची सोय आहे. पालक हेळसांड करत असेल, छळत असेल किंवा मालमत्ता लाटत असेल, तर आई, वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे अर्ज करून त्याला हटवू शकते. शेजाऱ्यांनी आणि दूरच्या नातेवाइकांनी डोळे उघडे ठेवले, तरच ही तरतूद कामाला येते.

व्यवसाय म्हणून पालकत्व

जर्मनीत १९९२ पासून न्यायालय व्यावसायिक काळजीवाहू-प्रतिनिधी नेमू शकते. जपानमध्ये २००० साली नवी पद्धत आली. तेथे आज बहुतेक पालक नात्याबाहेरचे आहेत, त्यांत वकील आणि समाजसेवकही येतात. नवगावच्या किनाऱ्याशी नाते सांगणारे रायगडचे बेने इस्रायली ज्या इस्रायलमध्ये गेले, तेथे पालकत्वाचे काम करणाऱ्या संस्था आहेत. २०१६ च्या सुधारणेने तेथे पालक नेमण्याआधी व्यक्तीला निर्णयासाठी मदत देण्याचा पर्यायही आला. दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्यात वृद्ध पाल्यांना लुबाडणाऱ्या एका व्यावसायिक पालकाला २०१९ मध्ये दीर्घ तुरुंगवासाची शिक्षा झाली.

भारतात या कामाकडे वळायचे असेल तर वाट संस्थेतून जाते. दिव्यांगांच्या काळजीचा अनुभव असलेली नोंदणीकृत संस्था पालक होऊ शकते. तेथे समाजकार्य, विशेष शिक्षण किंवा शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली माणसे लागतात. राष्ट्रीय न्यासाच्या 'घरौंदा' योजनेतील निवासगृहे याच गरजेतून आली.

आई-वडिलांनी हयातीतच करायच्या गोष्टी

• मूल अठरा वर्षांचे होताच गरज तपासून पालकत्वाचा अर्ज करावा.
• आई-वडिलांबरोबर तरुण सहपालक सुचवावा.
• स्वतःच्या मालमत्तेचे मृत्युपत्र करावे. मुलाच्या खर्चासाठी भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खाजगी न्यासही स्थापन करता येतो.
• औषधे, सवयी, भीती, आवडीचे पदार्थ, ओळखीचे डॉक्टर यांची वही लिहून ठेवावी. नवा पालक कोणीही असो, त्याला या वहीचाच आधार असतो.
• मुलाला जे ठरवता येते, ते त्यालाच ठरवू द्यावे. कोणता सदरा घालायचा, कोणाकडे जायचे, काय खायचे हे पालकत्वानंतरही त्याचेच निर्णय राहतात.