खळगा, चेंडू आणि हरळी

गोल्फमधल्या ‘होल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. चेंडू शेवटी ज्यात पडतो तो खळगा म्हणजे होल, आणि पहिला टोला जिथून मारायचा त्या जागेपासून खळग्यापर्यंतचा सगळा पट्टाही होलच. खळगा जगभर एकाच मापाचा असतो : व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. हे माप १८९१ मध्ये ठरले आणि नंतर बदलले नाही. पट्टा मात्र एकासारखा दुसरा नसतो. खेळाडू ‘आवडता होल’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असा एखादा पट्टा असतो. या आवडीचा इतिहास चेंडूच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, कारण चेंडू बदलला की कालचा अवघड होल आज सोपा होऊन बसतो. दख्खनसारख्या प्रदेशात त्यात जमिनीचीही भर पडते.

कुशल खेळाडूने एखादा होल किती टोल्यांत संपवावा, त्या अपेक्षित आकड्याला ‘पार’ म्हणतात. तीन, चार आणि पाच पार हे नेहमीचे प्रकार. अठरा होलांचा डाव ही स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची देणगी आहे. तिथे १७६४ मध्ये काही होल एकत्र जोडले गेले, बावीसचे अठरा झाले आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. त्यामागे खोल तत्त्व वगैरे काही नव्हते.

ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ मध्ये कलकत्त्यात निघाला आणि १८४२ मध्ये मुंबईत दुसरा. मुंबईचा तो क्लब आज उरलेला नाही, पण सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबच्या वसंत ऋतूतील स्पर्धेत ‘बॉम्बे मेडल’ हे नाव टिकून आहे. मुंबईत हा खेळ आला तेव्हा चेंडू पिसांचा होता. चामड्याच्या शिवलेल्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरत. उंच टोपीत मावतील एवढी पिसे एका चेंडूत जात, असे मोजमाप सांगतात. चामडे वाळून आकसे, पिसे फुगत आणि चेंडू दगडासारखा टणक होई. कसबी कारागिराच्या हातून दिवसाला जेमतेम तीन-चार चेंडू होत, त्यामुळे किंमत भारी. चेंडू भिजला की शिवण ढिली पडे, आणि लोखंडी काठीचा घाव वर्मी बसला की तो फाटे. असा महागडा चेंडू पाण्यात किंवा काटेरी झुडपांत घालवणे कोणाला परवडेल? त्या काळी होलाच्या आवडीनिवडीत खिशाचा भाग मोठा होता.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा हा मलायातल्या झाडांचा चीक. ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य विल्यम माँटगोमेरी यांनी १८४० च्या दशकात त्याचे नमुने सिंगापूरहून लंडनला पाठवले होते. चेंडूसाठी तो वापरण्याची कल्पना सेंट अँड्र्यूजच्या रॉबर्ट पॅटरसनला सुचली, ती कशी याची एक कथा गोल्फच्या पुस्तकांत हमखास भेटते. त्याच्या घरी हिंदुस्थानातून विष्णूची दगडी मूर्ती आली, ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते, आणि तेच तापवून त्याने चेंडू वळला. कथा थोडी फारच देखणी आहे, तेव्हा ती जपूनच घ्यावी. गटापर्चाने बाजार पालटला ही गोष्ट मात्र पक्की. गरम पाण्यात मऊ करून साच्यात दाबला की चेंडू तयार, आणि ठेचकाळला तर पुन्हा वितळवून नवा. पिसांचे चेंडू करणारा नामांकित कारागीर ॲलन रॉबर्टसन आणि त्याचा शिष्य टॉम मॉरिस यांची फारकत याच नव्या चेंडूवरून झाली. गुळगुळीत नवा चेंडू हवेत डगमगतो आणि टोले खाऊन चरे पडलेला जुना सरळ जातो, हे खेळाडूंच्या लवकरच ध्यानात आले. मग कारागीर हातोडीने मुद्दाम चरे पाडू लागले. चेंडूच्या गिरकीचा त्याच्या उड्डाणाशी असलेला संबंध पुढे एडिनबराचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर टेट यांनी १८९० च्या दशकात उलगडला.

गटापर्चा थंडीत ठिसूळ होतो आणि उन्हात मऊ पडतो. स्कॉटलंडमध्ये पहिला दोष जाचक. सोलापूरच्या चैत्र-वैशाखात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, दुसरा. सोलापूर १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेने घेतले. त्यानंतर तिथे इंग्रजी छावणी पडली. लष्कर आणि सदर बझार ही वस्त्यांची नावे तिची खूण सांगतात. दख्खनच्या अशा कोरड्या मुलखात कोणताही मैदानी खेळ आधी जमिनीशी झुंजतो. काळी माती पावसात बुटाला आणि चेंडूला चिकटते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची वाळूची भुई आणि तिच्यावरचे बारीक गवत इथे आणायचे कुठून? त्यामुळे हिंदुस्थानातल्या पाण्याच्या टंचाईच्या ठिकाणी खळग्याभोवती हिरवळ न राखता तेल मिसळलेली वाळू दाबून बसवत. इंग्रजीत हिरवळीला ‘ग्रीन’ म्हणतात, म्हणून हिला सरळ ‘ब्राऊन’ म्हणू लागले. ब्राऊनवर चेंडू मंद आणि बहुधा सरळ घरंगळतो. उतार ओळखून टोला वळवण्याचे कसब, ज्यासाठी नामांकित होल वाखाणले जातात, तिथे फारसे उपयोगी पडत नाही.

उष्ण प्रदेशातल्या हिरवळीचा प्रश्न शेवटी सुटला तो सोलापूरच्या कोणत्याही शेतकऱ्याने कपाळावर हात मारावा अशा रीतीने. गोल्फवाले ज्याला ‘बर्म्युडा गवत’ म्हणतात ती आपली हरळी. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहायच्या दूर्वा त्याच, आणि काळ्या रानात खोल मुळ्या धरून कुदळीला दाद न देणारे तणही तेच. चिवट माणसाला ‘हरळीची मुळी’ म्हणतात ते उगाच नाही. खणून, वेचून, जाळूनही जी जात नाही तीच हरळी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टनच्या संशोधन केंद्रात, ग्लेन बर्टन यांनी आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका सायनोडॉनशी संकरित केली. त्यातून १९५० आणि १९६० च्या दशकांत टिफग्रीन आणि टिफड्वार्फ या बारीक पात्याच्या, अगदी बुडाशी कापली तरी तग धरणाऱ्या जाती निघाल्या, आणि उष्ण देशांत घट्ट, वेगवान ग्रीन राखता येऊ लागल्या.

तिकडे चेंडूत आणखी एक उलथापालथ झाली होती. अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने १८९८ मध्ये रबराच्या गाभ्यावर ताणलेला रबरी धागा गुंडाळून चेंडू केला. १९०२ मध्ये सँडी हर्डने ब्रिटिश ओपन याच चेंडूने जिंकली आणि गटापर्चाचे दिवस भरले. नेमक्या याच संधिकाळात, १९०१ मध्ये, लंडनच्या ‘गोल्फ इलस्ट्रेटेड’ने नामवंत खेळाडूंना सर्वोत्तम होल कोणते ते विचारले. सेंट अँड्र्यूजचे अकरावा आणि सतरावा, प्रेस्टविकचा ‘आल्प्स’, नॉर्थ बेरिकचा ‘रेडान’ ही त्या चर्चेतली ठळक नावे. अमेरिकेचा चार्ल्स मॅकडोनाल्ड हे वाचून पेटला. त्याने ब्रिटन पालथे घालून नमुने टिपले आणि लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स उभारताना ते नव्या भुईवर बसवले.

यांपैकी रेडान सोलापूरकराला समजावून सांगायला सोपा आहे, कारण हे नाव तटबंदीचे आहे. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलला रेडान नावाचा पुढे आलेला कोनाकृती बुरूज होता. तीन पारच्या या होलात ग्रीन तिरपी असते, पुढून मागे उतरते आणि समोरच्या डाव्या अंगाला वाळूचा खोल खड्डा तिची राखण करतो. खंदक आणि दुहेरी तट असलेल्या सोलापूरच्या भुईकोटाशी समोरून भिडावे की बगलेने, हाच प्रश्न इथे चेंडूला पडतो. थेट खळग्याकडे नेम धरणारा बहुधा वाळूत जातो. उजवीकडच्या चढावर चेंडू टाकून त्याला उताराने सोडणारा पोहोचतो. ‘आल्प्स’चे तसे नाही. तिथे टेकडीआडून आंधळा टोला मारावा लागतो. लांब जाणाऱ्या रबरी चेंडूने त्यातले भय कमी केले आणि आंधळे होल हळूहळू मागे पडले. रेडानला धक्का लागला नाही. त्याचा कस अंतरात नव्हे, निवडीत आहे.

चेंडूवरच्या खळग्यांची, म्हणजे ‘डिंपल’ची, कल्पना विल्यम टेलर या इंग्रजाची, वर्ष १९०५. आकारावरून मात्र इंग्रज आणि अमेरिकन दीर्घकाळ भांडले. इंग्रजांचा चेंडू १.६२ इंचांचा, अमेरिकनांचा १.६८ चा. लहान चेंडू वारा अधिक भेदून जाई. ब्रिटिश ओपनमध्ये मोठा चेंडू १९७४ पासून सक्तीचा झाला आणि १९९० मध्ये लहान चेंडू नियमांतूनच गेला. आज किमान व्यास ४२.६७ मिलिमीटर आणि कमाल वजन ४५.९३ ग्रॅम आहे.

महाराष्ट्रात विसाव्या शतकात हा खेळ मुख्यतः मुंबई-पुण्याभोवती राहिला. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या काळात निघालेल्या विलिंग्डन क्लबात हिंदी सभासदांनाही प्रवेश होता, आणि त्या काळी ही मोठी गोष्ट होती. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यात येरवड्याचे मैदान जुने. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. इथल्या मैदानांवर आता चेंडूची निवड भुईच बरीचशी ठरवते. युरेथेनच्या मऊ सालीचा अनेक थरांचा चेंडू गिरकी घेऊन ग्रीनवर थांबतो, पण महाग असतो आणि खडकाळ कडेला लागला की सोलवटतो. टणक सालीचा दोन थरांचा चेंडू स्वस्त आणि टिकाऊ, पण उन्हाळ्यातल्या कडक भुईवर थांबायचे नाव घेत नाही. हौशी खेळाडू बहुधा दुसराच घेतो, किंवा पाण्यातून आणि झुडपांतून वेचलेले जुने चेंडू विकत घेतो.

चेंबूरच्या मैदानावर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींनी शेजारच्या वस्तीत स्वतःचा गोल्फ मांडला. पोलंडचा छायाचित्रकार तोमाश गुझोवाती याने तो टिपला आहे. लोखंडी सळई वाकवून काठी केलेली, होल काही मीटरांचे, हरळीच्या जागी फरशी आणि चिखल, वाळूच्या खड्ड्यांऐवजी गटारे आणि पत्र्याची छपरे. खरा चेंडू अशा गल्लीत काच फोडील किंवा डोके, म्हणून तिथे खेळतात प्लॅस्टिकच्या हलक्या चेंडूने.