पेट्रोलातली मळी

आज पंपावर जे पेट्रोल म्हणून टाकीत पडतं, त्यातला पाचवा हिस्सा इथेनॉल असतो. हे धोरण कशासाठी, असं सरकारला विचारलं तर वाहनांचं प्रदूषण, कर्बउत्सर्जन, हवामान बदल हे शब्द आता लगेच पुढे येतात. पण ही सगळी कारणं शेंडेफळं आहेत. या घराण्याचा मूळपुरुष धूर नव्हे, मळी.

१९३२ साली इंग्रज सरकारने देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला. जावाहून येणारी साखर महागली आणि चार-पाच वर्षांत देशातल्या कारखान्यांची संख्या तिसाच्या आसपासून सव्वाशेच्या पुढे गेली. त्यातले बहुतेक संयुक्त प्रांत आणि बिहारात होते. साखर आली तशी मळीही आली. उसाच्या एका टनामागे साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो. काळी, घट्ट, उन्हात आंबून फसफसणारी. तिच्यात जवळजवळ निम्मी साखरच असते, पण ती काही केल्या दाणा धरत नाही. कारखान्यांनी ती खड्ड्यांत साठवली, नाल्यांत सोडली. अलाहाबादचे रसायनशास्त्रज्ञ नीलरत्न धर ती खारवट जमिनीत ओतून जमीन सुधारण्याचे प्रयोग करत होते. म्हणजे ही ब्याद टाकायची कुठे, हा तेव्हा विद्वानांनाही पडलेला प्रश्न होता.

मळी आंबवून मद्यार्क काढता येतो, हे गावठी भट्टीवाल्यालाही ठाऊक होतं. तो पेट्रोलमध्ये घालण्याची कल्पनाही नवी नव्हती. ब्राझीलने १९३१ मध्येच आयात पेट्रोलात पाच टक्के अल्कोहोल सक्तीचं केलं होतं. अडचण होती ती पाण्याची. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल कितीही वेळा गाळलं तरी साधारण साडेपंचाण्णव टक्क्यांवर येऊन अडतं. उरलेलं पाणी त्याच्याबरोबरच उकळतं आणि त्याच्याबरोबरच वर चढतं. असं अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळलं की टाकीत थर फुटतो: पेट्रोल वर, पाणी आणि अल्कोहोल तळाशी. मग इंजिन आधी पितं ते तळातलं. हे पाणी काढायला पूर्वी बेंझीन घालून पुन्हा गाळत. आता झिओलाइटच्या बारीक गोळ्यांनी भरलेल्या टाकीतून वाफ सोडतात. गोळ्यांची छिद्रं एवढी लहान की पाण्याचा रेणू आत अडकतो आणि इथेनॉलचा बाहेरून निघून जातो. इंधनाचं इथेनॉल आणि पिण्याचं किंवा औषधाचं अल्कोहोल यांत मुख्य फरक आहे तो या शेवटच्या चार-पाच टक्के पाण्याचा.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि या कल्पनेला भाव चढला. बस कोळशाच्या गॅसवर धावत होत्या, तिथे मळीच्या अल्कोहोलला कोण नाही म्हणणार! स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, केंद्राने ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ केला. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायला लावण्याची तरतूद त्यात होती. म्हणजे आज ज्याला नवं धोरण म्हणतात त्याचा कायदा ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहण्याच्याही आधीचा आहे.

पण कायदा झाला म्हणून मळी पेट्रोलपर्यंत पोचली नाही. वाटेत तिला गिऱ्हाइकं फार. पेट्रोल स्वस्त झालं होतं, रसायन कारखान्यांना अल्कोहोल हवं होतं, दारूवाल्यांना तर ते कायमच हवं होतं. राज्यांच्या उत्पादनशुल्काचा मोठा आधार तोच. शिवाय मळी मोकळी सोडली तर हातभट्ट्या पेटणार ही भीती होतीच. मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मोहाच्या फुलांच्या जोडीला मळीलाही बांधून ठेवलं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीने, सहकारी कारखाना उभा केला तो याच सुमारास. पुढे महाराष्ट्रात कारखान्यांच्या शेजारी डिस्टिलऱ्या आल्या. त्यांच्या स्पेंट वॉशचा, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याचा, वास आणि तांबडी झालेली विहीर आसपासच्या गावांनी भोगली. पेट्रोलशी मात्र संबंध शून्य.

गंमत अशी, की १९४८ चा तो कायदा जुनाट म्हणून संसदेने २००० साली रद्द केला आणि पुढच्याच वर्षी मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीला पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग सुरू झाले. पेट्रोलियम मंत्री होते राम नाईक. तीन ठिकाणांतली दोन महाराष्ट्रातली निघावीत यात नवल नाही. साखर पडून होती आणि कारखान्यांकडे उसाची बिलं थकली होती. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण लागू झालं. लगेच दुष्काळ पडला, ऊस घटला, इथेनॉल मिळेना आणि सक्ती ढिली करावी लागली. पुढची दहा वर्षं दरावरून घासाघीस करण्यात गेली. २०१३-१४ मध्ये देशभरचं मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं.

खरी कलाटणी २०१८ ची. तोवर इथेनॉल फक्त शेवटच्या, म्हणजे ‘सी हेवी’ मळीचं. आता आधीच्या टप्प्यावरची, साखर जास्त असलेली ‘बी हेवी’ मळी आणि थेट उसाचा रसही वापरायला परवानगी मिळाली, आणि प्रत्येकाला वेगळा सरकारी दर. साखर करायची की इथेनॉल, हा निर्णय कारखान्याच्या हातात आला. टाकाऊ वस्तूचं इंधन ही मूळ गोष्ट तिथेच संपली, असं माझं मत. दहा टक्क्यांचं उद्दिष्ट जून २०२२ मध्ये मुदतीच्या पाच महिने आधी गाठलं गेलं. वीस टक्क्यांची मुदत २०३० वरून २०२५-२६ वर ओढली गेली, आणि तेही आधीच झालं.

उत्सर्जनाचं काय? उसाने हवेतून घेतलेला कर्ब पुन्हा हवेत जातो, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार वीस टक्के मिश्रणाने दुचाकींचा कार्बन मोनॉक्साइड निम्म्याने कमी होतो, चारचाकींचा तीस टक्क्यांनी. त्याच आराखड्यात हेही आहे, की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटतं आणि उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी जातं. दुसरा आकडा सोलापूर-लातूरकडे मोठ्याने वाचून दाखवण्याची हिंमत फारसा कुणी करत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यावर केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी घातली आणि आठवड्याभरात ती सैल केली. तोवर बऱ्याच कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या होत्या. पोकळी भरली ती मक्याने. आज देशातल्या इथेनॉलमध्ये सर्वांत मोठा वाटा त्याचाच आहे. सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मक्यावरही चालाव्यात, यासाठी मार्च २०२५ मध्ये व्याज सवलतीची योजना निघाली. मक्याचा भाव चढला तशी कोंबड्यांच्या खाद्याची किंमतही चढली. आणि जो देश मका निर्यात करत होता, त्याने २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून तो विकत आणला, परदेशी तेलावरचा खर्च वाचवण्याचं धोरण जोरात राबवत असताना.