शिजवलेली कोंबडी: साठवण आणि बिघाडाची ओळख

रात्री उरलेला कोंबडीचा रस्सा सकाळी हुंगून पाहायचा आणि वास बरा वाटला की वाढायचा, ही पद्धत अनेक घरांत रूढ आहे. ती पुरेशी नाही. आंबूस वास आणि बुळबुळीतपणा ही अन्न नासवणाऱ्या जीवाणूंची लक्षणे होत. आजार घडवणारे जीवाणू मात्र रंग, वास वा चव न बदलताही वाढू शकतात. म्हणून पदार्थ शिजल्यानंतर किती वेळ आणि कोणत्या तापमानात राहिला, हे आधी पाहावे.

साधारणतः ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात जीवाणूंची वाढ झपाट्याने होते. या तापमानात शिजवलेली कोंबडी दोन तासांहून अधिक ठेवू नये. हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असल्यास ही मर्यादा एका तासावर येते. नागपूर किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर राहिलेला रस्सा टाकून देणेच योग्य, मग तो कितीही चांगला दिसो.

विशेष धोका असतो तो मोठ्या पातेल्यात. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जीवाणूचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात आणि दाट रस्सा सावकाश निवू लागला की त्यांतून जीवाणूंची नवी वाढ सुरू होते. त्यामुळे रस्सा उथळ डब्यांत काढावा. थर दोन इंचांहून जाड नसावा. वाफ ओसरताच डबे झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत. पदार्थ पूर्ण गार होण्याची वाट पाहू नये.

पुन्हा उकळले की सारा दोष जातो, हाही गैरसमजच. स्टॅफिलोकोकस जीवाणूचे विष, तसेच बिर्याणीच्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसचे उलटी घडवणारे विष, उकळूनही नष्ट होत नाही.

फ्रीजचे तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी असावे. तेथे हे पदार्थ तीन ते चार दिवस टिकतात. कच्चे मांस नेहमी त्यांच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. वीज गेल्यास बंद फ्रीज सुमारे चार तास थंडावा राखतो, मात्र दार वारंवार उघडू नये. खाण्यापुरताच भाग बाहेर काढून तो आतपर्यंत ७५ अंशांवर तापवावा. रस्सा असल्यास खळखळून उकळावा.

रश्श्याला आच नसताना बुडबुडे येणे, तुकड्यांवर चिकट थर, बुरशी, डब्याचे झाकण फुगणे या खुणा दिसताच पदार्थ टाकावा. चाखून खात्री करू नये. कोल्हापुरी मसाल्याच्या गडद रंगात किंवा व्हिनेगरच्या आंबट वासात या खुणा दडू शकतात. फ्रीजमधील रस्सा थिजून जेलीसारखा होणे मात्र बिघाड नव्हे. तो हाडांतून व कातडीतून उतरलेल्या जिलेटिनचा परिणाम असतो.

लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध यांना शंकास्पद पदार्थ वाढूच नये. उलट्या-जुलाब झाल्यास जलसंजीवनी द्यावी. शौचातून रक्त, तीव्र ताप किंवा लघवी कमी होणे दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.