सावकाराचा वकील

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात, सुपे येथे, बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने फोडली. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून त्यांनी त्यांची होळी केली.

कागदांवरील या रोषाचे मूळ दिवाणी न्यायालयात होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या हिताचा. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत भरत आली की सावकार मुद्दल व थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेई. कुणबी कां-कूं करू लागला तर दावा ठेवलेलाच. न्यायालयात धनकोच्या वकिलाला फारसे बोलावे लागत नसे. त्याच्या हाती खत असे आणि समोरची जागा बहुधा रिकामी असे. समन्स घेऊन तालुक्याच्या गावी जायचे तर कामाचे दिवस बुडत. वकील द्यायचा तर पैसा नाही. आणि खताखालची नांगराची निशाणी तर आपलीच! मग एकतर्फी हुकूमनामा, दरखास्त, जप्ती, प्रसंगी दिवाणी तुरुंग. वकिलाने यात कायदा कोठे मोडला होता? कोठेच नाही. अडचण नेमकी तीच होती.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले. खतावरील आकड्यापाशी न थांबता व्यवहाराचा आरंभापासून हिशेब पाहण्याचे काम न्यायाधीशावर आले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले. साध्या रोख्याची मुदत सहा वर्षे झाली. याहूनही धीट कलम वकिलांविषयीचे होते. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत न्यायाधीशाच्या खास परवानगीवाचून वकिलाने उभे राहू नये, असे ते सांगे. आणि मोठ्या दाव्यात एका पक्षास वकील असून शेतकऱ्यास नसेल, तर त्याला वकील देण्याची मुभा न्यायालयास होती. महादेव गोविंद रानडे यांनी १८९३ मध्ये हायकोर्टात जाण्यापूर्वी खास न्यायाधीश म्हणून या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख केली.

वकील लहान दाव्यांतून गेला खरा, परंतु मोठ्या दाव्यांतून परत आला. प्रतिवादी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शेतकरी आहे की नाही, हाच वादाचा पहिला मुद्दा होऊ लागला. नांगर धरणाऱ्यालाही आपण शेतकरी आहोत हे सिद्ध करावे लागे! तिकडे सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले. जमीन परत देण्याचे वचन तोंडी राही. तेव्हा खताच्या शब्दांपलीकडील खरा व्यवहार तोंडी पुराव्याने पाहण्याची मुभा न्यायालयास देणारी दुरुस्ती करावी लागली. तो पुरावा देणाऱ्या शेतकऱ्याची उलटतपासणी घ्यायला धनकोचा वकील उभा होताच.